रीसेट करूनही परत येणारा ‘व्हायरस’: अमळनेरच्या एका घरातल्या राउटरचं प्रकरण

‘राउटरमा व्हायरस घुसी गया.’ तक्रार एवढ्या एका वाक्याची होती.

घर अमळनेरचं, दुमजली, वरची खोली पत्र्याची. महिना मे. घरात चार फोन (आबांचा, आईंचा, मुलाचा आणि मुलीचा), एक लॅपटॉप, एक स्मार्ट टीव्ही, अंगणात कॅमेरा आणि पाण्याच्या मोटारीला लावलेला वाय-फायचा स्विच, अशी एकूण आठ उपकरणं. केबलवाल्यांची फायबर लाइन वरच्या खोलीत येते. तिथे भिंतीवर त्यांची ओएनयूची (फायबरमधल्या प्रकाशाचं नेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी) डबी आणि तिच्यापुढे घरच्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी विकत घेतलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा साधा राउटर.

खोदून विचारलं तेव्हा त्या एका वाक्यातून चार वेगळ्या तक्रारी निघाल्या. दुपारी नेट जातं आणि संध्याकाळी आपोआप येतं. वाय-फायवर असताना मधूनच सट्ट्याची नाहीतर बक्षिसाची पानं उघडतात. राउटरच्या यादीत नाव नसलेली उपकरणं दिसतात. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असा लाल इशारा येतो. केबलवाल्या भाऊंनी दोनदा राउटर रीसेट करून दिला होता आणि दोन्ही वेळा एका दिवसात सगळं पूर्वपदावर आलं होतं. मग शेवटी नवा राउटर घ्या, असा सल्ला मिळाला.

नवा राउटर आणला असता तर दोन दिवसांत त्याचीही हीच गत झाली असती. चारही तक्रारी एकाच रोगाची लक्षणं आहेत असं गृहीत धरलं गेलं, सगळा घोळ तिथून सुरू झाला. प्रत्यक्षात कारणं चार निघाली आणि त्यातलं एकच घुसखोरीचं होतं. तेही राउटरच्या आत नव्हतं.

रीसेटच्या आधी

राउटरवर संशय आला की हात पहिल्यांदा मागच्या बारीक भोकाकडे जातो. पण रीसेटने लॉग (राउटरने ठेवलेली घडामोडींची नोंद) पुसला जातो, बदललेले आकडे पुसले जातात, म्हणजे चोर कुठून आला हे सांगणारी प्रत्येक खूण जाते. या घरात ती दोनदा गेली होती.

म्हणून आधी फोनच्या कॅमेऱ्याने राउटरच्या पानांचे फोटो काढले: वॅनचं पान (बाहेरच्या लाइनचं), डीएचसीपीचं पान (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं), जोडलेल्या उपकरणांची यादी, सिस्टिम लॉग, फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती. राउटर उलटा करून खालच्या स्टिकरचाही एक फोटो घेतला, कारण मॉडेल नंबरशेजारी जी हार्डवेअर आवृत्ती छापलेली असते तिची पुढे गरज लागते. फोटो काढणारा फोन मुद्दाम घराच्या वाय-फायवर घेतला नाही.

आणखी एक गोष्ट कागदावर उतरवून घेतली: पीपीपीओईचं, म्हणजे लाइनवरच्या लॉगिनचं, युजरनेम आणि पासवर्ड. केबलवाल्यांच्या लाइनवर बहुतेक ठिकाणी हेच चालतं. रीसेट केल्यावर ते हाताशी नसतील तर नेट बंद, आणि शनिवारी संध्याकाळी हे झालं तर सोमवारपर्यंत बंद. पासवर्ड राउटरच्या पानावर ठिपक्यांत दिसतो, तो भाऊंना फोन करून विचारला. लाइनवर व्हीलॅन आयडी (राउटरमध्ये भरायचा लाइनचा क्रमांक) लागतो का, तेही विचारून घेतलं. ओएनयूच्या डबीलाही रीसेटचं भोक असतं, त्याला मात्र हात लावायचा नाही. तिच्यातली नोंदणी पुसली गेली की केबलवाल्यांचा माणूस आल्याशिवाय लाइन उठत नाही.

ओएनयूवर पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा हिरवा आणि स्थिर होता, लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा बंद. भाऊंनी मीटर लावून प्रकाशाची पातळी पाहिली ती उणे २२ डीबीएम भरली. उणे ८ ते उणे २७ च्या आत असेल तर फायबरचा दोष नाही. इथून पुढे फायबरकडे पाहायची गरज उरली नाही.

लॅपटॉपचा इशारा आणि यादीतले अनोळखी

या दोन तक्रारी लवकर मिटल्या, पण त्यांना आधी घेण्याचं कारण होतं. ज्या लॅपटॉपवरून पुढची तपासणी करायची तो स्वच्छ आहे हे आधी ठरायला हवं. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन असतो, तो चालवला. लॅपटॉप स्वतः बंद होऊन सुरू होतो आणि पंधराएक मिनिटं घेतो. काही सापडलं नाही. लाल इशारा क्रोमच्या नोटिफिकेशनचा होता. कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलं होतं आणि ती साइट विंडोजच्या इशाऱ्याचा वेष घेऊन जाहिराती पाठवत होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून परवानगी असलेल्या तीन साइट काढल्या आणि इशारा थांबला. याचा राउटरशी काही संबंध नाही.

यादीत आठ नोंदी होत्या आणि घरात उपकरणंही आठच. इतकी साधी मोजणी कुणी केली नव्हती. तीन नोंदींना नाव नव्हतं आणि त्यांचा मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरची ओळख) घरातल्या कुठल्याच फोनच्या खोक्यावरच्या पत्त्याशी जुळत नव्हता. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा पत्ता देतच नाही, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतो. तो ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनवलेला आहे. तिन्ही नोंदींत तेच होतं. वाय-फाय सेटिंगमधल्या नेटवर्कच्या तपशिलात फोन सध्या वापरत असलेला पत्ता दिसतो, त्याच्याशी ताडून आई, मुलगा आणि मुलगी यांचे फोन ओळखले. आबांचा फोन जुना, अँड्रॉइड ९ चा, म्हणून तो खऱ्या पत्त्याने दिसत होता. सगळ्यांना भीती वाटत होती ती ‘एस्प्रेसिफ’ या परक्या नावाची. ती शांघायची चिप बनवणारी कंपनी आहे आणि तिची चिप मोटारीच्या स्विचमध्ये होती.

दुपारी नेट का जातं

राउटरचा लॉग उघडला तेव्हा त्यातली तारीख १ जानेवारी १९७० होती. हे बिघाडाचं लक्षण नाही. राउटरच्या पोटात घड्याळाची बॅटरी नसते. सुरू झाला की तो १९७० च्या पहिल्या क्षणापासून मोजायला लागतो आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली की दुरुस्त करतो. भारतीय वेळ लावलेली असेल तर हा पहिला क्षण पहाटे ५:३० चा दिसतो. इथे एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) बंद होतं, म्हणून घड्याळ कधीच दुरुस्त होत नव्हतं आणि त्याचा उलट फायदा झाला. शेवटची नोंद ०५:४१ ची होती, म्हणजे राउटर सुरू होऊन फक्त ११ मिनिटं झाली होती. त्या दुपारी तीनदा लॉग उघडला आणि तिन्ही वेळा तो ०५:३० पासून नव्याने सुरू झालेला. म्हणजे नेट ‘जात’ नव्हतं, राउटरच बंद पडून पुन्हा उठत होता.

काही मालवेअर राउटर रीबूट करतात हे खरं. ती शक्यता काढून टाकण्यासाठी वॅनची केबल उपटली, सगळी उपकरणं बंद केली आणि फक्त लॅपटॉप लॅन केबलने जोडून १९२.१६८.१.१ ला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, सलग पिंग (उत्तर येतं का हे पाहणारा संदेश) लावून ठेवला. दुपारी पावणेतीनला उत्तर तुटलं, सगळे दिवे विझले आणि पुन्हा लागले. बाहेरची वाट बंद, आत कुणी नाही, तरी राउटर पडला. संशय विजेवर आला.

राउटर पत्र्याखालच्या फळीवर होता. दुपारी तीनला त्या फळीवर ठेवलेल्या थर्मामीटरने ४७ अंश दाखवले. राउटरच्या खोक्यावर वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं होतं. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ही मर्यादा सकाळी अकरालाच मागे पडते. त्यातही आधी दमतो तो राउटर नव्हे, अ‍ॅडॉप्टर. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतो, क्षमता घटते आणि भार वाढला की व्होल्टेज बसतं. सुटा अ‍ॅडॉप्टर मीटरवर ठणठणीत दिसतो, म्हणून भारासकट मोजावं लागतं. त्यासाठी सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळणारे स्क्रूचे डीसी जॅक, एक नर आणि एक मादी, अ‍ॅडॉप्टर आणि राउटरच्या मध्ये घातले आणि स्क्रूवर मीटरचे प्रोब टेकवले. सुटा असताना १२.३ व्होल्ट. राउटर चालू असताना सकाळी ११.६. दुपारी १०.१ आणि आकडा थरथरत होता. अ‍ॅडॉप्टर उघडला तर आतल्या कपॅसिटरची टोपी फुगलेली.

कपॅसिटर बदलता येतो, पण त्या उष्णतेतून गेलेल्या बाकीच्या भागांचा भरवसा नाही, म्हणून अख्खा अ‍ॅडॉप्टर बदलला. बदलताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. व्होल्ट तेवढेच हवेत: हा १२ चा होता, पण ५ आणि ९ व्होल्टचे राउटरही घरोघरी आहेत आणि ५ च्या राउटरला १२ लावला तर तो जळतो. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, इथे १ च्या जागी १.५ लावला. आणि पिनचा मधला भाग धन आहे का, हे स्टिकरवरच्या खुणेवरून पाहायचं. २.१ मिमी आणि २.५ मिमीच्या पिना नुसत्या डोळ्याला सारख्या दिसतात. मोठ्या भोकाची पिन बसल्यासारखी वाटते आणि धक्का लागला की सुटते.

नवा अ‍ॅडॉप्टर, तीच फळी, तेच ऊन, दोन तास सलग पिंग: एकदाही तुटला नाही. घरच्यांचं म्हणणं होतं की कूलर लावला की नेट जातं. तेही खोटं नव्हतं. कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते आणि बोर्डाची पट्टी सैल होती, मोटार सुरू होताना तिथे ठिणगी पडायची. शिवाय कूलरची पत्र्याची टाकी नेमकी राउटर आणि जिन्याच्या मध्ये उभी होती, त्यामुळे खालच्या मजल्यावर सिग्नल अडायचा. राउटरला भिंतीतला वेगळा सॉकेट दिला.

वीज आधी दुरुस्त करण्याला आणखी एक कारण होतं. दर अर्ध्या तासाला बंद पडणाऱ्या राउटरचा लॉग अर्ध्या तासापलीकडचं काहीच सांगू शकत नाही. पुढच्या कामाला सलग काही तासांचा लॉग हवा होता.

बदललेले दोन आकडे

आता उरली ती सट्ट्याची पानं. पहिली चाचणी फुकट असते: तोच फोन, तीच साइट, एकदा वाय-फायवर आणि एकदा मोबाइल डेटावर. डेटावर पान नीट उघडलं, वाय-फायवर भलतीकडे गेलं. तीन फोनांवर आणि लॅपटॉपवर हेच घडलं. मुलीच्या फोनवर मात्र नाही, म्हणून घरात समज झाला होता की राउटर ठीक आहे आणि बाकीचे फोन बिघडले आहेत. कारण वेगळं होतं. जाहिराती कमी व्हाव्यात म्हणून तिने सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएसचा पत्ता भरून ठेवला होता. तिचा फोन नावांचा पत्ता राउटरला विचारतच नव्हता, थेट बाहेर कुलूपबंद वाटेने विचारत होता. एकाच फोनची अशी सुटका दिसली की डीएनएसकडे बोट जातं.

डीएनएस म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारा. तो खोटा बसवला की बरोबर नाव टाइप करूनही माणूस चुकीच्या दारात पोचतो. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ऑल चालवलं. नेहमी तिथे डीएनएस म्हणून राउटरचाच १९२.१६८.१.१ दिसतो. इथे पहिल्या जागी एक परका आकडा आणि दुसऱ्या जागी ८.८.८.८ होता. दुसरा गूगलचा, म्हणून वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ही मांडणी जाणूनबुजून असते: खोटा सर्व्हर कधी बंद पडला तर दुसरा काम चालवतो, घरच्यांना नेट गेल्याचं कळत नाही आणि कुणी चौकशी करत नाही.

राउटरच्या पानांवर डीएनएस दोन ठिकाणी भरता येतो, वॅनमध्ये आणि डीएचसीपीमध्ये. केबलवाल्या भाऊंनी वॅनचं पान पाहिलं होतं आणि ते स्वच्छ होतं. परका आकडा डीएचसीपीच्या पानावर होता. दोन्ही पानं पाहावी लागतात. एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारणारी कमांड) करून घरच्या उत्तराची ८.८.८.८ च्या उत्तराशी तुलना करण्याची पद्धतही आहे, पण मोठ्या साइट वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळे पत्ते देतात, त्यामुळे उत्तर वेगळं आलं एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. मुळात अस्तित्वातच नसलेलं एखादं नाव विचारणं जास्त बोलकं. ‘असं नाव नाही’ हे खरं उत्तर. इथे पत्ता मिळाला.

बँकेच्या पानांचं काय, हा आईंचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता. खोट्या डीएनएसला फोन चुकीच्या सर्व्हरवर नेता येतो, पण बँकेचं प्रमाणपत्र तिथे दाखवता येत नाही. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं म्हणून थांबतो. हा इशारा दिसूनही पुढे जाण्याचं बटण दाबलं तर माणूस फसतो. आईंनी ते दाबलेलं नव्हतं.

या प्रकारचा धंदा जुना आहे. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने सुमारे ४० लाख कॉम्प्युटर असे वळवले होते. अमेरिकेच्या एफबीआयच्या तपासातून नोव्हेंबर २०११ मध्ये त्यामागची टोळी पकडली गेली. या घरापुरती लक्षात घ्यायची गोष्ट अशी की राउटरमध्ये कुठलाही परका प्रोग्रॅम नव्हता, फक्त दोन रकान्यांतले आकडे बदलले होते. राउटरमध्ये राहणारे मालवेअर वेगळे. २०१६ चा मिराई फक्त रॅममध्ये राहायचा आणि रीबूटने जायचा, पण पासवर्ड तोच ठेवला तर काही मिनिटांत परत यायचा. २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टरचा पहिला टप्पा रीबूटनंतरही टिकायचा. त्याने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं गाठली होती.

आकडे बदलले कुणी

राउटरचा लॉगिन अजून कंपनीचाच होता, युजरनेम ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. दोन्ही रीसेटनंतर तो तसाच सोडला होता. मग बाहेरून कुणी आलं का? वॅनच्या पानावरचा आयपी १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा केबलवाल्यांच्या सामाईक नेटचा असतो: शेकडो घरं एका सार्वजनिक पत्त्यामागे. इंटरनेटवरून अशा घराच्या राउटरवर थेट येता येत नाही. त्याच केबलवाल्याच्या दुसऱ्या ग्राहकाकडून येणं शक्य असतं, पण रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळण्याची सोय) बंद होतं. म्हणजे आकडे बदलणारा घरातच होता.

दोन वाटा उरल्या. एक, ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं पान पाठीमागून राउटरला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनने हुकूम देतं. दोन, घरातलं एखादं अ‍ॅप हेच काम करतं. दुसरी वाट माहितीतली आहे: २०१६ च्या डिसेंबरमध्ये कॅस्परस्कीने अँड्रॉइडवरचा स्विचर नावाचा ट्रोजन उघडकीस आणला होता. तो फोनमधून वाय-फाय राउटरच्या पानावर नेहमीचे पासवर्ड चालवून पाहायचा आणि डीएनएस बदलायचा. दुसऱ्या जागी ८.८.८.८ भरणं ही त्याचीही सवय होती.

यासाठी रविवारची सकाळ घेतली. डीएचसीपीतले आकडे दुरुस्त केले, पण पासवर्ड जाणूनबुजून अ‍ॅडमिनच ठेवला. एनटीपी सुरू करून घड्याळ लावलं, लॉग रिकामा केला. सगळी उपकरणं बंद. लॅपटॉप लॅन केबलवर. मग एकेक उपकरण सुरू करायचं, २० मिनिटं थांबायचं, लॉग आणि डीएचसीपीचं पान पाहायचं, वहीत वेळ आणि मिळालेला आयपी लिहायचा. या वेळात कुणीही यूपीआय किंवा बँकेचं अ‍ॅप उघडायचं नाही. वाट उघडी ठेवून चोराची वाट पाहायची तर घरातले दागिने आधी हलवावेत.

टीव्ही: काही नाही. कॅमेरा: नाही. मोटारीचा स्विच: नाही. सगळ्यांचा संशय मुलाच्या फोनवर होता, तोही २० मिनिटं निर्दोष. मग आबांचा फोन. १०:५२ ला जोडला, आयपी १९२.१६८.१.१०४. १०:५८ ला लॉगमध्ये ओळ उमटली: १०४ वरून वेब लॉगिन अयशस्वी. लगेच दुसरी, अयशस्वी. तिसरी, यशस्वी. पुढच्याच सेकंदाला डीएचसीपी सेटिंग बदलल्याची नोंद. पान ताजं केलं तर परका आकडा जागेवर होता आणि दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८. आबा तेव्हा ओट्यावर चहा पीत होते, फोन टेबलावर पडलेला, पडदा बंद. ब्राउझरची वाट इथे बाद झाली, कारण ब्राउझर उघडलेलाच नव्हता.

आबांच्या फोनमध्ये एप्रिलमध्ये आलेलं क्रिकेटचं एक अ‍ॅप सापडलं, प्ले स्टोअरमधलं नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकमधून उतरवलेली एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल). ‘मॅच देखासाठे टाकेल व्हतं,’ मुलगा म्हणाला. त्याने ते आपल्या नव्या फोनमध्ये न टाकता आबांच्या जुन्यात टाकलं होतं, काही झालं तर जुन्यालाच होईल या हिशेबाने. पण आबा खताच्या दुकानाचे पैसे त्याच फोनवरून यूपीआयने देत होते.

उरलेले दोन फोनही आबांचा फोन बंद ठेवून आणि आकडे पुन्हा दुरुस्त करून त्याच पद्धतीने पाहिले. घुसखोर एकच असतो असं धरून चालत नाही. इथे एकच होता.

साफसफाई आणि तिच्यातले अडथळे

क्रम महत्त्वाचा: आधी फोन, मग राउटर. उलट केलं की तासाभरात परत तेच. दोन रीसेट वाया गेले ते यामुळेच.

अ‍ॅप सरळ निघालं नाही, अनइन्स्टॉलचं बटण दबतच नव्हतं. त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचा अधिकार घेतला होता. पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवलं, सेफ मोडमध्ये फोन सुरू केला, दोन्ही अधिकार काढले, मग अ‍ॅप निघालं. ज्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी दिलेली असते ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, ओटीपीसुद्धा. म्हणून एवढ्यावर थांबलो नाही. फोटो आणि संपर्क काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट केला. एपीके फाइली बॅकअपमध्ये घेतल्या नाहीत. आबांचा गूगल पासवर्ड आणि यूपीआय पिन मुलीच्या फोनच्या मोबाइल डेटावरून बदलला आणि तीन महिन्यांचं पासबुक ओळीने वाचलं. एकही अनोळखी नोंद नव्हती. असती तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा होता. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच ते अडवता येतात. फोन तपासायची मोफत साधनं सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर आहेत.

मग राउटर. फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून, स्टिकरवरच्या हार्डवेअर आवृत्तीला जुळणारंच. दुसऱ्या आवृत्तीची फाइल घेतली तर राउटर कायमचा बसू शकतो. ते चढवताना लॅन केबल वापरली, वाय-फाय नव्हे, आणि राउटर छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर घेतला, कारण मधल्या चार मिनिटांत लाइट गेली तर राउटर गेलाच. त्यानंतर वॅनची केबल काढून ठेवून रीसेटची पिन १० सेकंद दाबली. जुन्या सेटिंगचा बॅकअप परत भरला नाही. त्यात परके आकडेही परत येतात, हे अनेकदा विसरलं जातं.

केबल बाहेरच असताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, १६ अक्षरांचा, वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय जोडण्याची सोय) बंद, यूपीएनपी (उपकरणांना स्वतः बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद, रिमोट मॅनेजमेंट बंद, चॅनल १, ६ आणि ११ पैकी शेजारी कमी गर्दी असलेला ६. डीएनएस १.१.१.१ आणि ८.८.८.८ हाताने भरला. टीव्ही, कॅमेरा आणि मोटारीचा स्विच गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर), तिथून लॅनला, म्हणजे घरच्या मुख्य नेटवर्कला, जायची परवानगी बंद. मग पीपीपीओई भरलं आणि केबल लावली.

आणि तरीही आईंच्या फोनवर सट्ट्याचं पान उघडलं. सगळं फुकट गेलं असं घरात सगळ्यांना वाटलं. कारण साधं होतं: वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले होते, फोन आपोआप जोडला गेला, पण आधी मिळालेला पत्ता आणि डीएनएस त्याने मुदत संपेपर्यंत धरून ठेवला होता. ही मुदत या राउटरवर २४ तासांची होती. प्रत्येक फोनवर नेटवर्क फर्गेट करून पुन्हा जोडलं, लॅपटॉपवर आयपीकॉन्फिगचं रिन्यू आणि फ्लशडीएनएस चालवलं, क्रोमची कॅशे साफ केली. पानं थांबली. नाव बदललं असतं तर हा घोटाळा झालाच नसता. पुढच्या वेळी नाव बदलूनच करावं.

ओएनयू आणि राउटर दोन्ही पत्र्याखालून खालच्या खोलीत आतल्या भिंतीवर पाच फुटांवर आणले. भाऊंनी त्यासाठी १५ मीटरची पॅचकॉर्ड (फायबरची जोडवायर) ओढली, हिरव्या टोकाची. निळं टोक हिरव्या जोडात बसतं, पण प्रकाश गळतो. जिन्याच्या कोपऱ्यावर वायर काटकोनात दुमडली होती, ती सोडवून गोल वळण दिलं.

पुढचा महिना

आठव्या दिवशी राउटरचा अपटाइम आठ दिवसांचा होता, म्हणजे एकदाही पडला नव्हता. डीएचसीपीचे आकडे जसेच्या तसे. तिसाव्या दिवशी पुन्हा पाहिलं: मधल्या काळात दोनदा रीबूट, दोन्ही लांबलेल्या भारनियमनाच्या दिवशी. लॉगमध्ये घरातल्या लॅपटॉपखेरीज कुणाचाही लॉगिन नाही. या मॉडेलला कंपनीकडून फर्मवेअर येणं थांबलं आहे, तेव्हा वर्षभरात राउटर बदलावा असं घरच्यांना सांगितलं. आजच बदलायची गरज नाही.

एक गैरसोय राहिली. टीव्ही गेस्ट नेटवर्कवर गेल्यापासून मुलीला फोनवरचे व्हिडिओ टीव्हीवर टाकता येत नाहीत, कारण दोघं आता वेगळ्या नेटवर्कवर आहेत. तिच्यासाठी टीव्ही पुन्हा मुख्य नेटवर्कवर आणला. टीव्हीत बाहेरून टाकलेलं अ‍ॅप नाही हे तपासून आणि अनोळखी स्रोतांची परवानगी बंद करून. कॅमेरा आणि मोटारीचा स्विच गेस्टवरच ठेवले.